मे महिन्यात उघडणारी भेग

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एका उत्तरात मी ओघात लिहिलं होतं, की काळ्या मातीवरच्या घराला पावसाळ्यापेक्षा उन्हाळा जास्त छळतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा पूर्ण स्तंभ त्यांनाच देते आहे. मी तीस वर्षं कॉलेजच्या माती-प्रयोगशाळेत काढली. बेळगाव जिल्ह्यातल्या बहुतेक तालुक्यांची माती माझ्या हातून चाळणीतून गेलेली आहे, त्यामुळे जे लिहिते ते हाताला लागलेलं लिहिते.

प्रश्न : अक्का, येळ्ळूरच्या वेशीबाहेर आम्ही सहा वर्षांपूर्वी घर बांधलं. आधी तिथं मसुराचं रान होतं. होळी झाली की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर चढते, मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं जातं. गणपतीत बघावं तर ती जवळजवळ मिटलेली. मिस्त्रींनी तीन वेळा सिमेंट भरून पुट्टी मारली, पुन्हा तेच. आता हॉलची फरशीसुद्धा मधोमध वर आल्यासारखी पायाला लागते. पाया खचतोय का? पाहुणे म्हणतात, घर विकून मोकळे व्हा. — एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : घर विकू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, की गणपतीत भेग मिटते. खचणारा पाया परत वर येत नाही, त्याची भेग वर्षागणिक वाढतच जाते. ऋतूप्रमाणे उघडमीट करणारी भेग म्हणजे खालची माती आकसते आहे आणि फुगते आहे.

ही माती अशी का वागते ते सांगते. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे लाल माती आणि जांभा. तिकडे पाऊस धो धो पडतो, तरी अशा भेगा तिकडच्या घरांना सहसा दिसत नाहीत. त्या मातीतल्या चिकणखनिजाला केओलिनाइट म्हणतात, ते पाण्यानं फारसं फुगत नाही. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात आणि पुढे पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, अथणीपर्यंत काळी माती, आपले कानडी शेजारी जिला एरे मण्णु म्हणतात. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट असतं. पातळ पापुद्र्यांची चवड रचावी तसं हे खनिज. पापुद्रे इतके पातळ, की एका ग्रॅमचा सगळा पृष्ठभाग उलगडला तर ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो, म्हणजे येळ्ळूरकडच्या मापात सांगायचं तर सात-आठ गुंठे चिमूटभर मातीत! पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारतं. हे झालं फुगणं.

आकसण्यात मात्र पाण्याचं आणखी एक काम आहे, आणि तेच लोकांच्या ध्यानात येत नाही. तुमच्या जोत्याखालची माती वर्षातला बराच काळ पूर्ण भिजलेली नसते आणि ठणठणीत कोरडीही नसते. कणांमधल्या पोकळीत थोडं पाणी, थोडी हवा. पुस्तकं तिला असंपृक्त माती म्हणतात. शेतकऱ्याला ही अवस्था शतकानुशतकं ठाऊक आहे, तो तिला वाफसा म्हणतो. अशा मातीतलं पाणी ओढीखाली असतं. समईची वात तेल वर ओढते ना, तशीच बारीक पोकळ्यांत पाण्याची ओढ असते. आपण म्हणतो माती पाणी धरून ठेवते. पण त्याच वेळी पाणीही मातीला धरून ठेवत असतं, कणाकणांना एकमेकांकडे खेचत असतं. ऊन वाढलं, पाणी कमी झालं, की उरलेलं पाणी अधिकाधिक बारीक जागांत शिरतं आणि त्याची ओढ वाढत जाते. माती जवळ जवळ येते, म्हणजे आकसते. चांगल्या वाफशाला ही ओढ हवेच्या दाबाच्या तिसऱ्या भागाइतकी किंवा त्याहून कमी असते. पीक कोमेजून पुन्हा उठत नाही त्या वेळी ती १५ पट झालेली असते. मे महिन्यातल्या खडखडीत ढेकळात ती हवेच्या दाबाच्या शेकडो पट होते. मग वळिवाची सर येते, ओढ एकदम सैल पडते, पापुद्रे पाणी घेतात, आणि तीच माती घर उचलायला लागते.

लहानपणी ज्येष्ठी अमावास्येला, जिला इकडे मण्णेत्तिन अमावास्ये म्हणतात, आम्ही ओढ्याकाठची काळी माती आणून बैलजोडी करायचो. माझ्या भावानं एकदा त्याचे बैल लवकर वाळावेत म्हणून उन्हात ठेवले. उन्हाकडची बाजू आधी आकसली, सावलीकडची ओलीच राहिली, आणि संध्याकाळपर्यंत बैलाचे दोन पाय गळून पडले. आजीनं सावलीत ठेवलेली जोडी पोळ्यापर्यंत टिकली. तुमच्या घराचं नेमकं त्या उन्हातल्या बैलासारखं झालेलं आहे. घराच्या मध्यभागी खालची माती छपराआड आहे, तिथलं पाणी वर उडून जात नाही, खालून हळूहळू येणारा ओलावा तिथं साठतो. सहा वर्षांत मधला भाग फुगून वर आला, म्हणून हॉलची फरशी घुमटासारखी लागते. कडेच्या भिंतींखालची माती मात्र उन्हाळ्यात सुकून खाली जाते, पावसाळ्यात परत येते. भेग वरच्या बाजूला रुंद आणि खाली निमुळती आहे का, तेवढं बघा. तशी असेल तर माझा अंदाज पक्का समजा.

आता सिमेंटबद्दल. मे महिन्यात भेग सगळ्यात जास्त उघडी असताना तिच्यात कडक सिमेंट भरणं म्हणजे पाचर ठोकणं. जुलैत माती भिंत परत वर आणते तेव्हा भेगेला मिटायला जागाच उरलेली नसते, मग भिंत शेजारी दुसरीकडे तडकते. तिसऱ्या वेळेनंतर नवी भेग दिसली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला शंका आहे की दिसली असणार.

या वर्षी भेगेला हात लावू नका. तिच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीनं बारीक फुल्या करा, मधलं अंतर स्टीलच्या पट्टीनं मोजा, शेजारी तारीख लिहा. संक्रांत, अक्षय तृतीया, नागपंचमी, गणपती, दिवाळी अशा पाच मोजण्या पुरतात. तेवढ्यात घराभोवतीचा ओलावा एकसारखा करा. चारी बाजूंनी किमान दीड ते दोन मीटर रुंद पक्की फरसबंदी, उतार बाहेरच्या बाजूला, भिंतीला लागून असलेला सांधा डांबरी भराव्यानं बंद. पागोळ्यांचं पाणी पन्हळीतून लांब न्या. मोरीचा पाइप आणि चेंबर गळतंय का ते तपासा. एकाच भिंतीलगत फुलझाडांचा वाफा करून रोज पाणी घालत असाल तर तो वाफा हलवा. आमच्याकडे लोक पाण्याला शत्रू समजतात आणि घराभोवती पाण्याचा थेंब नको म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. काळ्या मातीला ओलं असण्याचा त्रास नाही, कोरडं असण्याचाही नाही, तिला बदलाचा त्रास आहे. एका बाजूला ओलं आणि दुसऱ्या बाजूला सुकं, हे तर सगळ्यात वाईट. वर्षभरानंतर भेगेची उघडमीट निम्म्यानं उतरली असेल, तर दिवाळीनंतर, भेग मधल्या अवस्थेत असताना, रबरासारखा ताणला जाणारा सीलंट भरा, सिमेंट नको. मोजणी वाढतच गेली तर मात्र तुमच्या भागातल्या एखाद्या पाया-तज्ज्ञाला घर दाखवा.

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाला आहे. प्रोजेक्टसाठी दोन प्लॉटची काळी माती तपासली. दोन्हींचा फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे मोकळी माती पाण्यात किती टक्के फुगते ते माप, ९० टक्के आला. पण एका प्लॉटवरच्या घराला काहीच झालेलं नाही, दुसऱ्यावरचं कंपाउंड उचललंय. माझी टेस्ट चुकली का? — एक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : टेस्ट बहुधा बरोबर आहे. चूक आहे ती तिच्याकडून जास्त अपेक्षा ठेवण्यात. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली प्रत्येकी १० ग्रॅम माती तू दोन नळ्यांत घातलीस, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. रॉकेल का, हे प्रोजेक्टमध्ये नीट लिही, परीक्षक हमखास विचारतात. रॉकेलचे रेणू पाण्यासारखे ध्रुवीय नसतात, पापुद्रे त्यांना ओढून घेत नाहीत, त्यामुळे त्या नळीत माती न फुगता बसते आणि तुलनेला आधार मिळतो. ५० ते १०० टक्के म्हणजे मानकानुसार मध्यम फुगणारी.

पण ही ओळख खनिजाची आहे, जागेची नाही. तू माती कुटून, वाळवून, तिचा मूळचा ओलावा आणि घट्टपणा दोन्ही पुसून टाकलेस. जागेवरची माती किती फुगेल हे चार गोष्टींवर ठरतं : आत्ता ती किती सुकी आहे म्हणजे तिच्यात किती ओढ शिल्लक आहे, किती घट्ट बसलेली आहे, वरून किती वजन आहे, आणि पुढे तिला किती पाणी मिळणार आहे. सुकी आणि घट्ट ठोकलेली माती सगळ्यात जास्त उसळते. कंपाउंडच्या भिंतीचं वजन ते काय! मी आमच्या यंत्रावर कोरडी, घट्ट काळी माती अडवून ठेवली आणि पाणी सोडलं तेव्हा तिनं दर चौरस मीटरला २०-३० टनांचा जोर लावलेला पाहिलेला आहे. एकमजली घराची भिंत पायावर त्याच्या निम्मासुद्धा भार सहसा टाकत नाही.

तुमच्या पुस्तकात माती-अभियांत्रिकीचे तज्ज्ञ टेर्झागी यांचं परिणामी ताणाचं तत्त्व आहे, १९२०च्या दशकातलं. एकूण भारातून आतल्या पाण्याचा दाब वजा केला की जो ताण मातीच्या कणांवर उरतो, त्यावरच मातीची वागणूक ठरते, असं ते सांगतं. ते पूर्ण भिजलेल्या मातीसाठी उत्तम चालतं. अर्धवट भिजलेल्या मातीसाठी १९५९मध्ये संशोधक बिशप यांनी पाण्याची ओढ त्याच एका सूत्रात बसवण्याचा प्रयत्न केला. पुढे दिसून आलं की काही माती भिजल्यावर फुगते, काही सैल माती भिजल्यावर उलट ढासळते, आणि दोन्ही वागणुकी एका आकड्यात मावत नाहीत. १९७७मध्ये फ्रेडलुंड आणि मॉर्गनस्टर्न या संशोधकांनी मांडलं, की वरचं वजन आणि आतली ओढ हे दोन वेगळे घटक मानून चला. मला हा मुद्दा फार जवळचा वाटतो, कारण तुझ्या दोन प्लॉटचं उत्तर त्यात आहे. तुला जमलं तर दोन्ही ठिकाणची न हललेली माती घे आणि तिची ओढ मोज. वॉटमन ४२ नंबरचा फिल्टर पेपर मातीशी बंद डब्यात आठवडाभर ठेवून, मग त्याचं वजन करून ती काढता येते. महागडं उपकरण लागत नाही, चांगला तराजू आणि धीर लागतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले (आयआयएससी) प्रा. ए. श्रीधरन यांचं फुगणाऱ्या मातीवरचं काम ग्रंथालयात मिळालं तर तेही वाच. आपल्याच राज्यातलं आहे.

प्रश्न : अक्का, अथणी तालुक्यात आमची सहा एकर एरेची जमीन. मार्च लागला की रानाला अशा भेगा पडतात की कोपरापर्यंत हात जातो. बोअरपासून आणलेली पीव्हीसी पाइप तीन वर्षांत चार वेळा जोडाजवळ तुटली. रानातल्या भेगा थांबवायचा काही इलाज? — एक शेतकरी

उत्तर : दादा, रानातल्या भेगा थांबवू नका. पाइपचं काय ते खाली लिहिते.

उन्हाळ्यात वरची माती आणि शेणखताचा भुगा भेगांत पडतो, खालच्या थराला मिळतो. पहिला पाऊस याच भेगांतून खोल उतरतो. नंतर भेगा मिटल्या की पाणी इतकं हळू मुरतं की रान तळ्यासारखं दिसतं. म्हणून तुमच्या रानात पहिल्या दोन पावसांची किंमत पुढच्या दहा पावसांएवढी आहे. खाली पडलेल्या मातीमुळे पावसाळ्यात भेगेला मिटायला जागा अपुरी पडते, माती एकमेकीला रेटते आणि तिरकी घसरते. विहीर खणताना तुम्ही तिरके, आरशासारखे चकचकीत पापुद्रे पाहिले असतील. ती या घसरणीचीच खूण. मातीनं स्वतःला नांगरून घेतलंय असं समजा.

ज्वारी किंवा हरभरा उभा असताना मात्र भेगा मुळं तोडतात आणि खालचा ओलावा उघडा पाडतात. तेव्हा कोळपणी करून भेगा बुजवायच्या, ते तुम्ही करतच असाल. एक गोष्ट नव्यानं सांगते. वाळताना मातीत जेवढं पाणी असतं, तेवढंच पाणी ओली होतानाही असेल, तरी दोन्ही वेळची ओढ सारखी नसते. वाळण्याच्या वाटेवर ती जास्त असते. त्यामुळे हातात घेतलेल्या मातीचा ओलावा सारखा वाटला, तरी पाणी उतरणीवर आहे की चढणीवर, हे पाहूनच पिकाचा अंदाज करावा.

पाइप तुटते ती आडवी भेग पाइपला छेदून जाते म्हणून. चर थोडा रुंद खणा, पाइपभोवती चारही बाजूंनी बारीक वाळूची गादी द्या म्हणजे माती सरकली तरी पाइपला धरून ओढणार नाही. सॉल्व्हंटनं पक्के चिकटवलेले जोड टाळून रबरी रिंगचे जोड वापरा, किंवा सांधेच नसलेला एचडीपीईचा (लवचीक प्लास्टिकचा) लांब पाइप टाका, तो वाकतो. आणि चर उन्हाळ्यात खणून लगेच कोरडी माती दाबून भरू नका.

प्रश्न : आमच्या वडगावच्या घराजवळचं जुनं कडुनिंब दोन वर्षांपूर्वी तोडलं. मुळं पाया फोडतील अशी भीती होती. झाड असताना काही नव्हतं, आता स्वयंपाकघराचं दार अडकतंय आणि भिंतीला चीर. असं होऊ शकतं? — एक वाचिका

उत्तर : होऊ शकतं, ताई. माझ्या माहेरी हेच झालं. तेही वडगावच. पश्चिमेच्या भिंतीपासून आठ-नऊ फुटांवर कडुनिंब होतं, बाबांनी लावलेलं. मी धारवाडला नोकरीत असताना घरच्यांनी कुणाच्या तरी सल्ल्यावरून ते तोडलं. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. झाडानं चाळीस वर्षं त्या कोपऱ्यातलं पाणी पिऊन माती सुकी ठेवली होती, घर त्या सुक्या मातीवर स्थिर झालं होतं. पिणारं गेलं, ओलावा परत यायला लागला, माती फुगली आणि दुसऱ्या पावसाळ्यात देवघराच्या दाराची चौकट तिरकी झाली. मुळांनी पाया फोडला नसता, हे मला आजही वाटतं. बाबा तोवर नव्हते, पण मला त्या झाडाचं दुःख घराच्या भेगेपेक्षा जास्त झालं.

ही फुगण्याची क्रिया एका वर्षात संपत नाही, चिकण मातीत ती कित्येक वर्षं चालते. आमच्याकडे सहा वर्षं चालली. दार लगेच घासून बसवू नका. दोन पावसाळे जाऊ द्या, भेग मोजत राहा. जे झाड अजून उभं आहे आणि घर त्याच्यासोबत स्थिरावलेलं आहे, ते तोडू नका. फार मोठं झालं असेल तर दर वर्षी थोडं थोडं छाटा. नवं झाड लावताना मात्र ते मोठेपणी जेवढं उंच होणार, किमान तेवढ्या अंतरावर लावा. निलगिरी तर काळ्या मातीत घराजवळ नकोच.

प्रश्न : निपाणीजवळ तंबाखूच्या रानातला प्लॉट घेतलाय. वरच्या मातीची खोली आठ फूट. दोनमजली घर बांधायचंय. पाया कसला घ्यावा? — एक वाचक

उत्तर : नेमका आराखडा जागेवरच्या तपासणीशिवाय कुणी देऊ नये, मीही देणार नाही. पर्याय सांगते. आठ फुटांखाली मुरूम किंवा कठीण थर लागत असेल, तर कॉलम तिथपर्यंत नेणं हा माझा पहिला सल्ला. कठीण थर खोल असेल, तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं विकसित केलेले फुगीर तळाचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, पाहा. तळाजवळचा फुगवटा दांड्याच्या अडीच पट रुंद असतो, तो ऋतूनुसार ओली-सुकी होणाऱ्या थराच्या खाली, साधारण साडेतीन मीटरवर, जहाजाच्या नांगरासारखा अडकून बसतो. वरची माती फुगली तरी पाइल उपटला जात नाही. त्यावरच्या बीमखाली माती टेकू देऊ नका. तीन-चार बोटांची पोकळी राहिलीच पाहिजे. ही पोकळी गवंडी हमखास भरून टाकतात, तेव्हा काँक्रीट ओतताना स्वतः उभे राहा.

फरशीखाली खोदलेलीच काळी माती परत भरू नका. वाळूही नको, तिच्यात पाणी साठतं आणि खालची माती ते पीत बसते. आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं, की न फुगणारी पण चिकटपणा असलेली माती, साधारण मीटरभर जाडीची, नीट दाबून घातली तर खालची फुगणारी माती आवरली जाते. कालव्यांच्या अस्तरांखाली ही पद्धत पुढे वापरली गेली. आपल्याकडे थोडी चिकण असलेला चांगला मुरूम या कामाला येतो. चुना मिसळण्याचा पर्यायही आहे, पण मातीत सल्फेट असेल तर चुन्यानं उलटं फुगणं वाढतं, म्हणून ते आधी तपासा.

प्रश्न : तुमच्याकडे माती तपासायला पाठवायची असेल तर कशी पाठवावी? — अनेक पत्रांत

उत्तर : मी आता तपासत नाही. पण कुठल्याही प्रयोगशाळेत पाठवाल तेव्हा कापडी पिशवीत पाठवू नका, वाटेतच सुकते आणि मग तिची मूळची ओढ कळत नाही. पायाच्या खोलीपासून, म्हणजे चार-पाच फुटांवरून, ढेकूळ न फोडता घ्या. त्यावर लगेच प्लास्टिकचे दोन थर घट्ट गुंडाळा, डब्यात ठेवा, सावलीत न्या. चिठ्ठीवर गाव, खोली आणि तारीख लिहा. तारीख विसरू नका. एप्रिलची माती आणि ऑगस्टची माती प्रयोगशाळेला दोन वेगळी उत्तरं देते.